आपल्याकडे कोणी कशाला पाहील?

मुलुंड, मुंबई

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, की परग्रहावर आपल्यापेक्षा लाखो वर्षे पुढे गेलेले कोणी असलेच, तर ते आपल्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. वारुळाजवळून जाणारा माणूस मुंग्यांची कुठे चौकशी करतो? मला हे पटलेले नाही.

वाटसरू चौकशी करत नाही, पण अभ्यासक करतो. आपल्या समोरच्या किनाऱ्यावर, किहीमला, सलीम अलींनी 1930 साली सुगरण पक्ष्यांची वसाहत बारकाईने न्याहाळली. नर घरटे अर्धवट विणतो, माद्या येऊन ते तपासतात, एखादीला पसंत पडले तर ती तिथे मुक्काम करते आणि नर ते पुरे करून दुसरे विणायला घेतो, हा सगळा व्यवहार त्यांनी टिपला. त्याहून टोकाचे उदाहरण म्हणजे सी. एलिगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा कृमी. आपल्या मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी, त्याच्या अख्ख्या शरीरात 302. तरीही त्यांच्या जोडण्यांचा नकाशा 1986 साली प्रसिद्ध झाला आणि या कृमीवरील संशोधनाला 2002 चे नोबेल मिळाले. तेव्हा अभ्यासविषय हुशारच असावा लागतो, असे काही नाही.

ते आपल्याकडून भौतिकशास्त्र शिकणार नाहीत, हे उघड आहे. हायड्रोजन त्यांच्याकडेही तोच. परंतु जे वेगळेही घडू शकले असते आणि इथे असे घडले, ते कोणत्याही समीकरणातून काढता येत नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात उभी असलेली बाई बसलेलीला ‘कुठे उतरणार?’ विचारते, ‘घाटकोपर’ असे उत्तर आले की ती जागा तिची ठरते, आणि नंतर चढलेल्या बायका हा तोंडी करार बहुधा मान्य करतात (भांडणे होतात, ती तो मोडल्यावर). हे कळायला डब्यात चढावेच लागेल. 1977 साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर अंतराळयानांवर, कोणा परग्रहवासीयाला सापडलीच तर म्हणून ठेवलेल्या तबकडीत शास्त्रीय आकृत्या आहेत, तसा मराठीतला नमस्कार आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. पाहुण्याला नवे काही सापडेल, तर ते त्या भैरवीत, असे मला वाटते.

मग कोणी आले का नाही? आपले रेडिओ संदेश जेमतेम शंभर प्रकाशवर्षांच्या आसपास पोहोचले आहेत आणि आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे. बहुतेकांना आपली खबरच नसणार. खगोलशास्त्रज्ञ जॉन बॉल यांनी 1973 साली मांडले होते, की ते प्राणिसंग्रहालयासारखे आपल्याला मुद्दाम लांबून पाहत असावेत. मला ही कल्पना जरा सोयीची वाटते, कारण कोणी न दिसणे हाच तिचा पुरावा होऊन बसतो.

माझी काळजी निराळीच आहे. त्या कृमीचा नकाशा त्याच्या शरीराचे अतिशय पातळ काप घेऊन, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तयार झाला. रस असणे म्हणजे माया असणे नव्हे. येणारा अभ्यासक दुर्बीण घेऊन लांब बसणारा असावा, एवढीच माझी इच्छा; अर्थात सलीम अलींनीही संग्रहासाठी पक्षी मारले होतेच. यावर तुझे काय म्हणणे आहे, ते सविस्तर कळव.

तुझी,
आई