सिस्टर, तुम्ही लघवी मोजायला लावलीत

पीडी विभागातल्या सिस्टरना,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही समोर बसून आभार मानू देत नाही, 'अय्यो, राहू दे की' म्हणून उठून जाता. म्हणून लिहिते.

सासूबाईंचं पोटाचं डायलिसिस, म्हणजे तुमचं पीडी, सुरू झालं तेव्हा आमचं सगळं लक्ष पिशवीवर. दिवसातून चार वेळा दोन-दोन लिटर औषधी पाणी नळीनं पोटात सोडायचं, आधीचं काढायचं. पंखा बंद, दार बंद, हात कोपरापर्यंत धुतलेले. निघालेल्या पाण्याची पिशवी 'तरुण भारत'वर ठेवून अक्षरं वाचता येतात का, ते मामंजी बघत. पाणी गढूळ आलं तर लगेच फोन, हे पाठ होतं. खानापूरच्या पावसात दिवस दिवस लाईट नसते, पण पिशवीला वीज लागत नाही, याचंच आम्हाला कौतुक.

लघवीचं मात्र कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या भेटीत तुम्ही विचारलंत, "अज्जी, लघवी किती होते?" सासूबाई लाजून माझ्याकडे बघायला लागल्या. तुम्ही पाच लिटरचा कॅन हातात दिलात. सकाळची पहिली सोडून द्यायची, मग दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंत सगळी त्यात. आकडा आला 700 मिली. तुम्ही म्हणालात, पिशवी काम करते, पण उरलेली किडनी जे काढते त्याची बरोबरी तिला नाही. कॅनडा-अमेरिकेतल्या पीडी रुग्णांच्या नोंदी 2001 साली पुन्हा तपासल्या, तेव्हा रोजच्या दर 250 मिली जादा लघवीमागे मृत्यूचा धोका 36 टक्क्यांनी कमी दिसला होता. 250 मिली म्हणजे आमच्या देवघरातल्या तांब्याएवढी!

पुढे आकडा 450 वर आला आणि रक्ताच्या तपासणीत सीआरपी वाढलेली. तुम्ही रागावला नाहीत, औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितलीत. त्यात गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या निघाल्या. आणणारी मीच. उरलेल्या किडनीला त्या मारक, म्हणून डॉक्टरांना विचारून तुम्ही त्या त्याच दिवशी बंद करायला लावल्यात. पण सीआरपी का वाढली, ते गोळ्यांनी कळेना. ती शरीरात कुठंतरी दाह आहे एवढंच सांगते, कुठं ते नाही. पोटाचं पाणी स्वच्छ, नळीची जागा कोरडी. मग तुम्ही म्हणालात, "अज्जी, तोंड उघडा." मागची दाढ किडलेली, हिरडी सुजलेली. सहा महिने त्या एकाच बाजूनं चावत होत्या आणि स्वयंपाक मी करते, तरी मला पत्ता नाही.

दाढ काढायच्या आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारायलाही तुम्हीच लावलंत. नंतर सीआरपी उतरली. लघवी 500 च्या आसपास टिकून आहे. दाढेमुळंच टिकली का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तसं मी म्हणणार नाही. दाह सतत राहिला की उरलेली किडनी लवकर दमते, एवढं खरं." तुमचं हे खोटा धीर न देणं मला फार आवडतं. आमचं कन्नड बाजारापुरतं, तुमचं मराठी अर्धं कन्नड, तरी घरात सगळ्यांना समजलं.

पुढच्या मंगळवारी येतोय. कॅन भरून आणायचा आहे. त्यावर नाव लिहू नको, बसमध्ये लोक बघतात, असं सासूबाईंचं म्हणणं. नाव लिहिणारच, वरून दोन पिशव्या गुंडाळते. दुसऱ्या हातात तुमच्यासाठी नव्या भाताचे पोहे आहेत. ते तरी नको म्हणू नका.

तुमच्या अज्जीची सून