भुशातली साखर अशी सहजासहजी सुटत नाही

संपादक साहेब,

नमस्कार. काडीकचऱ्यापासून इंधन अशी बातमी दिसली की मी आधी एवढंच बघतो की प्रीट्रीटमेंटबद्दल, म्हणजे साखर सुटावी म्हणून कचऱ्यावर आधी करायच्या प्रक्रियेबद्दल, एक ओळ तरी आहे का, आणि बहुतेक वेळा नसतेच. कचरा टाकला, इथेनॉल निघालं, बातमी संपली! अहो सगळी मारामारी तर मधेच आहे.

म्हणजे बघा, पेंढा असो, भुसा असो नाहीतर लाकडाचा चुरा, साखर त्यात भरपूर असते पण ती सेल्युलोजच्या साखळ्यांत घट्ट बांधलेली, भोवती हेमिसेल्युलोज (हीही साखरेचीच साखळी) आणि त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, चिकटून बसलेलं, मग नुसतं साखळ्या तोडणारं एन्झाइम ओतून काय होणार, ते आत पोचतच नाही. म्हणून आधी हे सगळं सैल करावं लागतं. कोणी पातळ सल्फ्युरिक अॅसिडात १५०-२०० डिग्रीला शिजवतं, कोणी अमोनिया वापरतं, कोणी दाबाखाली वाफ देऊन दाब एकदम सोडतं की धागे आतूनच फाटतात. बाकी साखर निघते का हा प्रश्न जुनाच, ब्राकोनो नावाच्या फ्रेंच माणसाने १८१९ सालीच कापडाच्या चिंध्यांपासून अॅसिडने साखर काढून दाखवली होती.

खरी गोची पुढे आहे. कमी शिजवलं तर माल तसाच कडक, जास्त शिजवलं तर सुटलेल्या साखरेचंच फरफ्युरल नावाचं रसायन होतं आणि ते साखरेचं इथेनॉल करणाऱ्या यीस्टला सोसत नाही, म्हणजे ज्याच्या पोटात जायचं त्यालाच विष! परत हेमिसेल्युलोजमधून येणारी झायलोज नावाची साखर नेहमीच्या यीस्टला पचत नाही, त्याला जीन बदललेलं यीस्ट लागतं, नाहीतर साखरेचा मोठा वाटा तसाच सोडून द्यायचा. अॅसिड मारायला चुना घातला की जिप्समचा ढीग उरतो, तो कुठे टाकायचा ते वेगळंच. (लिग्निन मात्र जाळून वाफ करता येते, तेवढं एक बरं.)

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी अमुक टन कचरा एवढंच छापू नका. त्यातल्या किती टक्के साखर प्रत्यक्ष हाती आली, एन्झाइम किती लागलं, झायलोजचं काय केलं, हे पण बातमीदाराला विचारायला सांगा.

आपला,
एक नेहमीचा वाचक