रेकॉर्ड देऊन टाकण्याआधी वायर कुठे जोडलीय ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रेकॉर्ड घरच्या घरी कॉम्प्युटरवर कशा उतरवायच्या यावर जे छापलंय ते वाचलं आणि राहवेना म्हणून लिहितेय. लेख मनापासून लिहिलाय, रेकॉर्ड पुसायची कशी, ठेवायची कशी सगळं छान सांगितलंय, पण जोडणी मात्र एका वाक्यात उरकलीय, की टर्नटेबलची वायर लॅपटॉपच्या माइकच्या सॉकेटमध्ये लावा आणि रेकॉर्डचं बटण दाबा. हेच वाक्य मला सहा वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितलं होतं आणि मी तसंच करून बसले.

माझ्या दादाकडे 70 एलपी होत्या. तो गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या. घरात जागा नव्हती आणि मला वाटलं की आवाज तर कॉम्प्युटरमध्ये राहणारच आहे, मग तबकड्या कशाला अडवून ठेवायच्या, ज्याला हव्यात त्याला देऊ. केबल घेतली तिथे विचारलं तर म्हणाले लाल-पांढऱ्या पिनांची बाजू रेकॉर्ड प्लेयरला, हेडफोनसारखी पिन लॅपटॉपला, बास. रोज रात्री बसून 51 रेकॉर्ड उतरवल्या आणि एकेक करून देऊन टाकल्या. आवाज पातळ यायचा, चिरका, तबल्याच्या डग्ग्याला घुमाराच नाही, गाणाऱ्याचा 'स' आला की नुसतं फिस्स व्हायचं, आणि मी समजत राहिले की रेकॉर्ड जुन्या आहेत, झिजल्यात, आता असंच ऐकू येणार. झिजल्या नव्हत्या हो. चूक जोडणीत होती आणि ते कळलं तेव्हा माझ्याकडे 19 उरल्या होत्या.

हे कोणाचंही होऊ शकतं म्हणून जरा सविस्तर सांगते. सुई खाचेतून फिरते तेव्हा नेहमीच्या मॅग्नेटवाल्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई जिथे बसवलेली असते त्या छोट्या भागातून, जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट निघतात. कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घेणाऱ्या सॉकेटला, किंवा साध्या अँप्लिफायरला जो सिग्नल लागतो तो याच्या जवळजवळ शंभरपट असतो. बरं नुसतं मोठं करूनही भागत नाही. रेकॉर्ड कापतानाच खर्जाचा आवाज मुद्दाम कमी करून आणि वरचा आवाज मुद्दाम वाढवून कापतात, कारण खर्जाला खाच फार रुंद वळणं घेते, ती तशीच्या तशी कापली तर एका बाजूवर 20-25 मिनिटं मावणारच नाहीत, आणि वरचे स्वर वाढवून कापले की वाजवताना ते परत खाली आणायचे असतात त्याबरोबर तबकडीची खरखरही खाली जाते. हे किती कमी आणि किती जास्त करायचं याचं प्रमाण 1954 मध्ये ठरलं, त्याला अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या नावावरून आरआयएए कर्व्ह म्हणतात. अगदी खालच्या टोकाला, म्हणजे 20 हर्ट्झला, साधारण 20 डेसिबल कमी आणि वरच्या टोकाला जवळपास तितकंच जास्त. म्हणजे खाचेत जे आहे ते गाणं नाहीच अजून, ते उलट फिरवून घ्यावं लागतं. हे उलट फिरवणं आणि शंभरपट करणं ही दोन्ही कामं जी छोटी डबी करते तिला फोनो प्रीअँप म्हणतात, आणि माझ्या जोडणीत ती नव्हतीच.

वरून माइकचं सॉकेट. बऱ्याच लॅपटॉपला ते मोनो असतं, म्हणजे स्टिरिओ रेकॉर्डची डावी-उजवी बाजू कायमची एक होऊन जाते. शिवाय ते बोलण्यासाठी केलेलं असतं, त्यामुळे माइक बूस्ट चालू, नॉइज सप्रेशन चालू, आणि ही सेटिंग लांबवलेला मंद सूर म्हणजे पंख्याचा आवाज समजून दाबून टाकते. माझ्या फायलींमध्ये गाणं संपताना तानपुरा दोन-तीन ठिकाणी अक्षरशः बुडतो आणि परत वर येतो.

एका जाणकाराने दाखवल्यावर मी त्या जुन्या फायली ऑडॅसिटीमध्ये उघडल्या. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात आरआयएएचा कर्व्ह तयार दिलेला आहे, तो लावल्यावर खर्ज बराचसा परत आला, डग्गा घुमला, मला रडूच आलं. पण मग त्या लाटांचं चित्र मोठं करून बघितलं तर जिथे जिथे आवाज चढलाय तिथे लाटेचं डोकं सपाट, जणू कात्रीने एका रेषेत कापलंय. तिथे काहीच करता येत नाही. डिजिटलमध्ये वरची मर्यादा ओलांडली की पुढचं नोंदलंच जात नाही, आणि नोंदलंच नाही ते कुठल्या सॉफ्टवेअरने आणायचं? ते दादाच्या रेकॉर्डमध्ये होतं आणि त्या रेकॉर्ड आता कुणाकडे आहेत मला माहीत नाही.

उरलेल्या 19 मी नीट उतरवल्या. आधी प्लेयरच्या मागे बघितलं, बऱ्याच नव्या प्लेयरना मागे एक बारीक स्विच असतो, फोनो आणि लाइन असं लिहिलेला. तो असेल तर प्रीअँप आतच आहे, लाइनवर ठेवायचा आणि वायर लाइन-इनला. माझ्या प्लेयरला नव्हता म्हणून वेगळा प्रीअँप घेतला, त्यातून यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज डिजिटल करून कॉम्प्युटरला देणारी डबी, आणि तिथून लॅपटॉप. स्विच लाइनवर आणि बाहेरूनही प्रीअँप असं दोन्ही झालं तर मात्र उलटा घोळ होतो, खर्ज दोनदा वाढतो आणि सगळं फाटून ऐकू येतं. घरात फोनो इनपुटवाला जुना अँप्लिफायर असेल तर त्याच्या मागच्या टेप आउट लिहिलेल्या सॉकेटमधून घेतलं तरी चालतं, स्पीकरच्या वायरीतून कधीच घेऊ नका, लॅपटॉपचं सॉकेट जळू शकतं. यूएसबीवाला प्लेयर असेल तर हे सगळं आतच झालेलं असतं, एक वायर लावली की झालं.

पहिल्या दिवशी सगळं जोडलं तरी घुंऽऽ असा आवाज गाण्याच्या खाली सतत. तासभर केबल काढल्या-लावल्या. मग लक्षात आलं की प्लेयरमधून लाल-पांढऱ्या पिनांबरोबर एक तिसरी बारीक वायर येते, टोकाला इंग्रजी वाय अक्षरासारखी पत्र्याची चिमटी, ती नुसती लोंबकळत होती. प्रीअँपच्या मागे स्क्रू होता तो दोन आटे सैल केला, चिमटी आत सरकवली, घट्ट केला, आणि खोली एकदम शांत झाली. थोडी घरघर उरली होती ती लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गेली, तेव्हापासून बॅटरीवरच रेकॉर्डिंग करते.

लेव्हलचं एवढंच की रेकॉर्डमधला सगळ्यात चढा भाग आधी वाजवून बघायचा आणि तो उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही असं ठेवायचं, शून्य ही डिजिटलची वरची मर्यादा. 24 बिटवर, म्हणजे जास्त बारकाईने नोंदणाऱ्या सेटिंगवर, घेतलं तर थोडं कमी राहिल्याने काही बिघडत नाही. मी 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झवर घेते, 20 मिनिटांची एक बाजू साधारण 690 एमबी होते, फ्लॅक नावाच्या फाइल-प्रकारात ठेवली की बरीच कमी होते आणि आवाज जराही जात नाही. एमपी3 फोनसाठी वेगळी करा, मूळ फाइल तीच ठेवू नका. आणि खरखर काढायची घाई करू नका, क्लिक काढणारं सॉफ्टवेअर तबल्याची चाट आणि रेकॉर्डवरची चरचर यात कधी कधी फरक करू शकत नाही, म्हणून न धुतलेली मूळ कॉपी एका बाजूला असूच द्या.

मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डचं गणित वेगळं, त्यांना सुई जाड लागते आणि आरआयएएही बहुतेकांना लागू नाही, पण पुरवणीतल्या लेखात रेकॉर्ड स्पिरिटने पुसा म्हटलंय ते कृपा करून 78 ला करू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

माझी तक्रार केबल बनवणाऱ्यांबद्दलही आहे. त्या केबलच्या पाकिटावर रेकॉर्ड प्लेयरचं चित्र होतं, लॅपटॉपचं चित्र होतं आणि मध्ये एक बाण. प्रीअँपशिवाय चालणार नाही एवढी एक ओळ छापली असती तर त्या 51 रेकॉर्ड मी अशा उतरवल्या नसत्या. प्लेयर बनवणाऱ्यांनीही आत प्रीअँप आहे की नाही हे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहावं, माहितीपत्रकाच्या कुठल्यातरी पानात नव्हे.

आपली पुरवणी खूप लोक वाचतात आणि तो लेख वाचून या रविवारी कोणीतरी आईच्या नाहीतर आजोबांच्या रेकॉर्ड काढून बसणार आहे. म्हणून विनंती आहे की लवकरात लवकर, जमलं तर उद्याच, चार ओळींची दुरुस्ती छापा, त्यात प्रीअँप आणि मागच्या स्विचचा उल्लेख असू द्या, आणि रेकॉर्ड इतक्यात कोणाला देऊ नका हेही लिहा.

आपली नम्र,
एक वाचक