हाणामारी लॉबीत, दार बंद सामान्यांना

मा. संपादक,
स. न.

१७ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे समर्थक एकमेकांना भिडले आणि ती हाणामारी साऱ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिली. दुसऱ्या दिवशी, पावसाळी अधिवेशन संपता संपता, अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी जाहीर केले की यापुढे अधिवेशनकाळात सदस्य, त्यांचे अधिकृत स्वीय सहायक आणि शासकीय अधिकारी यांनाच विधानभवनात प्रवेश मिळेल. मंत्र्यांनी आपल्या बैठका मंत्रालयात घ्याव्यात. आवाराची शिस्त राखणे ही अध्यक्षांची जबाबदारी आहे आणि त्या दिवशीचा प्रकार पाहता त्यांचा संताप रास्त होता. तरीही हा उपाय मला पटत नाही. भांडले आमदारांबरोबरचे लोक आणि बाहेर राहायचे सामान्य माणसाने, असा त्याचा अर्थ होतो.

मी बरीच वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. एकदा नववीच्या मुलांना विधानसभेचे कामकाज दाखवायला नेले होते. फोन, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या सगळे खाली जमा केले. गॅलरीत टाळी वाजवायची नाही, कुजबुजायचे नाही, बोट दाखवायचे नाही. एका मुलीने कठड्यावर हात टेकले, तर सुरक्षारक्षकाने नुसत्या खुणेने तिला मागे सरकवले. एरवी वर्गात पाच मिनिटे स्वस्थ न बसणारी ती मुले तासभर गप्प बसून ऐकत होती. खाली उतरलो तर लॉबीत पाय ठेवायला जागा नाही. एकेका आमदाराभोवती माणसांचे कोंडाळे, त्यात फोटो काढणारे, फाइल पुढे करणारे आणि काही जण नुसतेच सोबत आलेले. गॅलरीत बसणारा प्रेक्षक आणि हे कोंडाळे यांना एकाच ‘अभ्यागत’ या सदरात टाकून दोघांनाही बंदी घालणे हा अन्याय आहे.

कामकाज यूट्यूबवर थेट दिसते, मग तिथे जायचे कशाला, असे काही जण म्हणतात. पडद्यावर बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो. रिकामी बाके गॅलरीतून दिसतात. आपल्या भागाच्या प्रश्नावर चर्चा चालू असताना आपला आमदार जागेवर आहे की नाही, ऐकतो आहे की शेजाऱ्याशी बोलतो आहे, हेही तिथूनच कळते. मतदाराने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, याहून दुसरे नागरिकशास्त्र मला तरी ठाऊक नाही.

आणि निवेदन घेऊन येणाऱ्याचे काय? पुरंदरच्या नियोजित विमानतळात जमीन जाणाऱ्या सात गावांतला शेतकरी अधिवेशन सुरू असताना मुंबईला जातो, कारण मंत्री, सचिव आणि आमदार त्या काळातच एका ठिकाणी सापडतात. त्याला मंत्रालयाकडे बोट दाखवायचे, तर तिथले दारही सोपे राहिलेले नाही. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मंत्रालयात विष घेतले, त्यानंतर कोणी वरून उडी मारू नये म्हणून तिथे संरक्षक जाळी बसली. जाळीने माणूस पडण्यापासून वाचेल, पण त्याचे गाऱ्हाणे ऐकायला माणूसच लागतो.

धोका खोटा आहे, असे मी म्हणत नाही. १३ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेत प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी सभागृहात उड्या मारून धुराच्या नळकांड्या फोडल्या. त्यांच्याकडे पास होते, तेही एका खासदाराच्या शिफारशीवर मिळालेले. म्हणून झडती कडक हवी, आणि शिफारस करणाऱ्यालाही उत्तर द्यावे लागले पाहिजे. आमदाराबरोबर आत येणाऱ्यांची संख्या ठरवून द्यावी. त्यांपैकी कोणी दंगा केला, तर उरलेल्या अधिवेशनासाठी त्या आमदाराचा शिफारशीचा अधिकार काढून घ्यावा. गॅलरीचे ठरावीक पास मात्र कोणाच्या चिठ्ठीवाचून, ओळखपत्र पाहून, आधी येईल त्याला मिळावेत. शाळा-महाविद्यालयांचा वाटा वेगळा ठेवावा. गॅलरीकडे जाणारी वाट लॉबीतून जाऊ नये. एवढे केले तरी पुष्कळ गर्दी आपोआप ओसरेल.

पुणेकर म्हणून आणखी एक सुचवते. आपल्या कॅम्पातल्या कौन्सिल हॉलला आपण आजही विधानभवन म्हणतो. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाची पावसाळी अधिवेशने इथे भरत. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती, म्हणजे कोकणातली खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचे विधेयक पुण्याच्याच अधिवेशनात मांडले. त्याच मागणीसाठी १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. मोर्चा पोलिसांनी मैदानावर अडवला, पण शिष्टमंडळाला प्रांताचे तेव्हाचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर भेटले. परकी राज्यातही एवढी वाट मोकळी होती.

आज त्या वास्तूत विभागीय आयुक्तांचे कार्यालय आहे. कालवा समितीच्या, पालकमंत्र्यांच्या बैठका तिथे होतात. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहेच. तिने वर्षातून काही दिवस विभागाच्या ठिकाणी, पुण्यात याच इमारतीत, बसून लोकांचे अर्ज समक्ष ऐकावेत. वेळ आधी कळवावी, पोच द्यावी आणि अर्जाचे पुढे काय झाले ते लेखी सांगावे. बारामतीच्या किंवा जुन्नरच्या माणसाला मुंबईच्या फाटकाशी ताटकळावे लागणार नाही.

प्रवेशाचे नियम ठरवताना विधिमंडळ सचिवालयाने लोकांच्या सूचना मागवाव्यात आणि पुढचे अधिवेशन सुरू होण्याआधी प्रेक्षक पासची पद्धत वृत्तपत्रांतून जाहीर करावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे