क्यूची शेपटी

ताई,

नाव कुठेही लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या, पण लॅमिंग्टन रोडच्या त्या काउंटरवर तोंडातून ताईच निघालं आणि तुम्ही मला काका म्हणालात. तेच राहू दे.

मी त्या दिवशी चौथं मेमरी कार्ड घ्यायला आलो होतो. त्याआधी दोन अ‍ॅडाप्टर झाले होते, एक जाड यूएसबी केबल झाली होती आणि घरच्यांची थोडी बोलणीही खाऊन झाली होती. तुम्ही शेजारी उभ्या राहून रेग्युलेटरच्या चिपा मोजून घेत होतात. माझं रडगाणं दुकानदाराला चाललं होतं, तुम्ही मान वर न करता विचारलंत, "काका, रॅमचं व्होल्टेज मोजलंत का?" खरं सांगतो, रॅमला, म्हणजे चालू कामापुरत्या मेमरीला, वेगळं व्होल्टेज असतं हेच मला माहीत नव्हतं. माझ्या त्या एका बोर्डाच्या छोट्या कॉम्प्युटरला पाच व्होल्ट दिले की आतलं आत बघून घेतो, अशी माझी समजूत.

काम काय होतं ते तेव्हा घाईत सांगितलं होतं, आता नीट सांगतो. आमचे आप्पा चाळीतल्या भजनांचं रेकॉर्डिंग करायचे. त्यांच्या एक्केचाळीस कॅसेटी घरी आहेत, बऱ्याचशा नव्वद मिनिटांच्या. डेकमधून त्या छोट्या बोर्डावर घ्यायच्या, फ्लॅक, म्हणजे आवाजात काही न गमावणाऱ्या फायली, करून ठेवायच्या, एवढंच. पण काही फायली तपासणीत नापास व्हायच्या, काहींत मध्येच टक्क असा आवाज. ही टेप जुनी, पुन्हा पुन्हा वाजवली तर तिच्यावरचा थर झडतो. एका बाजूचं भजन मी तीनदा घेतलं आणि तिसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षा बसकं ऐकू आलं. त्या रात्री झोप लागली नाही.

तुम्ही कार्ड घेऊ दिलं नाहीत. आधी एक चाचणी सांगितलीत: एक मोठी फाईल रॅमडिस्कमध्ये, म्हणजे रॅममध्येच, ठेवायची, म्हणजे कार्डाचा संबंधच येत नाही, आणि तिचा चेकसम, म्हणजे फाईलमधल्या सगळ्या आकड्यांची ताळ्याची बेरीज, वीस वेळा काढायचा. मी ती लालबागला, आमच्या वरच्या मजल्यावर, मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता केली. तेरा वेळा एकच आकडा, चौदाव्याला वेगळा, पंधराव्याला पुन्हा पहिलाच. फाईल जागची हललेली नाही आणि तिची बेरीज बदलते! कार्ड, केबल, डेक, सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले. आधी मी मेमटेस्टर हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवला होता आणि तो पास झाला होता, पण तो रात्री, पंख्याखाली. रॅमचा घड्याळवेग ४३२ मेगाहर्ट्‌झवरून ३६० वर आणला तेव्हाही चुका कमी झाल्या होत्या, थांबल्या नव्हत्या. मी त्याला यश समजून बसलो होतो.

पुढच्या शनिवारी तुम्ही त्याच दुकानात प्लग मागून घेतलात, सुईसारखे प्रोब काढलेत आणि रॅमच्या चिपेशेजारच्या कपॅसिटरवर टेकवलेत. मीटरवर १.३५. "आता चिपेवर काय लिहिलंय ते वाचा," म्हणालात. मी मोबाईलचा टॉर्च मारून वाचलं: एच५टीसी. तुम्ही समजावलंत की हायनिक्स कंपनीच्या डीडीआर३ जातीच्या रॅम चिपांत टीसी म्हणजे डीडीआर३एल, कमी व्होल्टेजची जात, ती १.३५ व्होल्टवर चालते. टीक्यू असेल तर साधी डीडीआर३, तिला १.५ लागतात, कमीत कमी १.४२५. म्हणजे माझं व्होल्टेज बरोबरच निघालं. मी सुस्कारा टाकला. तुमचं तोंड मात्र तसंच.

हे पत्र खरं तर तेवढ्यासाठी आहे, ताई. तुम्ही माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवला नाहीत. "काका, चेकसम एक सांगतोय आणि तुम्ही दुसरं. घरी जाऊन खडू घासा आणि परत वाचा." मला जरा राग आला होता, लपवत नाही. चाळीस वर्षं हिशेबाच्या वह्या तपासल्या, मला एक अक्षर वाचता येत नाही? नातवाचा पांढरा खडू घेतला, चिपेवर घासला, बोटाने हलकेच पुसला. कोरलेल्या रेघांत पांढरं भरलं आणि त्या सीचं तोंड मिटलं. खाली उजवीकडे इवलीशी शेपटी. क्यू होता.

तुम्हाला फोटो पाठवला तेव्हा तुमचं उत्तर होतं, "हं." एवढंच.

मग कळलं की सिस्टीमची इमेज, म्हणजे तिची तयार प्रत, डीडीआर३एल लावलेल्या बोर्डासाठी बनवलेली होती, आणि माझ्या हाती आलेल्या बोर्डावर साधी डीडीआर३ होती. एल चिपेला १.५ दिले तर चालतं, पण साध्या चिपेला १.३५ देणं म्हणजे अर्धपोटी कामाला लावणं. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे कपॅसिटरमधला चिमूटभर विद्युतभार, तो सतत गळतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत सगळा पुन्हा भरावा लागतो. मुळात कमी भरलेला, त्यात दुपारच्या उकाड्यात गळती जास्त. माझ्या चुका तीन वाजताच का यायच्या ते तेव्हा उमगलं. मी उत्साहाने विचारलं होतं, मग १.६ ठेवू का, थोडं वरच बरं? "ते मीठ नाही, अंदाजाने टाकायला," म्हणालात. वरची मर्यादा १.५७५ आहे हे नंतर सांगितलंत.

तुमच्या सांगण्यावरून यू-बूटमध्ये, म्हणजे बोर्ड सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, डीसीडीसी५ समोरचा १३५० (मिलिव्होल्ट) खोडून १५०० केला. माझ्यासारख्या ए३३ प्रोसेसरच्या बोर्डांवर पॉवर चिपेची हीच वाट रॅमकडे जाते, आणि रॅम जागी व्हायच्या आधीच ती ठरवावी लागते. बोर्ड सुरू केला, चाचणी लावली, आणि नवव्या फेरीला आकडा बदलला. रात्री अकरा वाजता तुम्हाला मेसेज केला, त्याची माफी राहिलीच होती. तुम्ही लिहिलंत, "मीटर लावूनच बोर्ड सुरू करा. हात घसरू देऊ नका, शॉर्ट झाला तर बोर्ड गेला." बायकोला स्विचपाशी उभं केलं, मी दोन्ही प्रोब धरून श्वास रोखला. १.५०. तीन सेकंद, चार सेकंद, तसंच. मग कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सुरू झाला आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा १.३५ वर उतरला. यू-बूटने दिलेलं कर्नल काढून घेत होता! कर्नल बोर्डाची माहिती ज्या यादीतून वाचतो त्या डिव्हाइस ट्रीमध्ये त्याच डीसीडीसी५ खाली जुनाच आकडा होता, मायक्रोव्होल्टमध्ये, १३५००००, किमान आणि कमाल दोन्ही. म्हणजे मी पहिल्या दिवशी कितीही बरोबर दुरुस्ती केली असती तरी बोर्ड चालू झाल्यावर मोजल्याशिवाय हे कळलं नसतं.

दोन्ही आकडे १५००००० केले. आता मीटरवर १.४९ दिसतं आणि हलत नाही. रॅम ज्या व्होल्टेजशी ताडून शून्य-एक ओळखते ती रेफरन्सची पिनही तुम्ही मोजायला लावलीत, ती ०.७५ च्या आसपास, म्हणजे बरोबर निम्मी. घड्याळवेग परत ४३२ वर नेला. दुपारी, पंखा बंद करून, पाचशे वेळा चेकसम काढला, एकच आकडा. घामाने माझीच अवस्था वाईट होती.

पैशांचा विषय काढल्यावर तुम्ही रागावलात, म्हणून पुन्हा काढत नाही. कॅसेटी सव्वीस झाल्या. सतराव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला भजन सुरू व्हायच्या आधी आप्पा खोकतात आणि कुणाला तरी "दार लोट रे" म्हणतात. ज्याला म्हणतात तो मी असणार, तिथे दुसरा पोरगा नव्हता. ते वाक्य आधीच्या दोन्ही वेळी टक्क या आवाजाखाली गेलं होतं.

तुमचे सुईचे प्रोब अजून माझ्याकडेच आहेत. मंगळवारी दुकानात काउंटरवर ठेवतो, पिवळ्या पाकिटात. सोबत ज्या बसक्या झालेल्या भजनाबद्दल सांगितलं त्याची फाईलही पेन ड्राइव्हवर आहे, मागे खरखर बरीच आहे, ती काढता येत असेल तर सांगा. घाई नाही.

तुमचा,
लालबागचा काका