झेरॉक्स, ४० रुपये

बंगळुरू,
रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आई, परवा माळा आवरताना सापडलेली माझी हिशेबाची वही तू फोनवर वाचून दाखवलीस. मेसचे इतके, साबण-पेस्टचे इतके, एस.टी.चे इतके, आणि मग ‘झेरॉक्स, ४० रु.’ तीन दिवसांनी पुन्हा ‘झेरॉक्स, ४० रु.’ तू विचारलंस, “अगं, एवढं कसलं झेरॉक्स काढायचीस?” मी म्हटलं, नोट्सचं असेल. मागे बाबा खाकरले. फोन ठेवला आणि मला काही केल्या झोप येईना. पंचवीस वर्षांपूर्वी जे खोटं वहीत लिहिलं, तेच परवा तोंडाने पुन्हा बोलले. म्हणून हे पत्र.

नोट्स मी हातानेच उतरवून काढायचे. ते ४० रुपये सायबर कॅफेचे होते.

बाबा, तुम्ही दर महिन्याला १,२०० रुपयांची मनीऑर्डर करायचात. त्यातले तीनशे, कधी साडेतीनशे मी तिथे घालवत होते. त्या वेळी तुमचा पगार किती होता आणि घरावर पत्रे टाकायचं किती वर्षं लांबत होतं, हे मला माहीत होतं. तरी जायचे. तिथे मी काय बघत होते ते आज सगळं सांगते.

विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने आपल्याकडे सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. मी पुण्याला आले तोवर गल्लोगल्ली कॅफे निघायला लागले होते. माझा कॅफे कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका जिन्याखाली. प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेले सहा कप्पे, चपला बाहेर काढायच्या, मालक वहीत वेळ टाकणार. मग मोडेम फोन लावायचा. आधी डायल टोन, मग आकड्यांची टिकटिक, मग किंचाळणं, खरखर, आणि एकदम शांत. शांत झालं की समजायचं, लागलं. फोटो वरून खाली ओळीओळीने उतरायचा, पावसाळ्यात आपल्या पडवीच्या भिंतीला ओल उतरते तसा. आकाश आलं की आपण वाट बघायची, खाली माणूस आहे की डोंगर. कधी माणसाच्या गळ्यापर्यंत फोटो यायचा आणि लाइन तुटायची. तुटलेली पाच मिनिटं मालक धरत नसत, हा त्यांचा चांगुलपणा.

बाबा, तुम्ही मला आपल्या वाईच्या गंगापुरीत मराठी विश्वकोशाच्या कचेरीत न्यायचात ते आठवतं? एक नोंद बघायला खंड उघडायचा आणि तिसऱ्याच नोंदीत तासभर अडकायचं. ‘कासव’ शोधायला गेलेली मी ‘कासार’ वाचत बसायचे आणि तुम्ही कधी रागावला नाहीत. इंटरनेटची चटक मला तिथेच लागली होती, फक्त तेव्हा इंटरनेट नव्हतं. पुण्यात सुरुवातीला मी ‘याहू’वरून जायचे. स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ साली आपल्याला आवडलेल्या वेबवरच्या ठिकाणांची यादी करायला घेतली, त्या यादीचंच पुढे याहू झालं. माणसांनी हाताने लावलेली यादी होती ती, विषय, त्यात पोटविषय, त्यात आणखी आत. कपाटातले खण उघडत गेल्यासारखं. सगळ्यात आतल्या खणात असं काहीतरी असायचं की हे कोणी का केलं असेल, असा प्रश्न पडावा. मी त्या प्रश्नासाठी जायचे.

आई, तुला पहिलं कॉफीच्या भांड्याचं सांगते. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाची कॉम्प्युटर लॅबोरेटरी आहे. तिथे बऱ्याच जणांत मिळून एकच कॉफीचं यंत्र, ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर. लांबून जिने चढून यावं तर भांडं रिकामं. म्हणून १९९१ मध्ये त्यांनी भांड्यावर एक कॅमेरा रोखला, की आपल्या टेबलावरूनच कॉफी आहे की नाही ते दिसावं. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये ते चित्र वेबवर आलं आणि सगळं जग ते भांडं बघायला लागलं. चित्र केवढं, तर १२८ ठिपके रुंद, १२८ ठिपके उंच, काळं-पांढरं. जपानमधून लोकांनी त्यांना कळवलं, की रात्री तिथला दिवा चालू ठेवता का, आमच्याकडे दिवस असतो तेव्हा भांडं दिसत नाही.

मी ते पुण्यातून बघायचे. पहिल्यांदा लागलं तेव्हा भांडं अर्धं होतं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं तर तळाला आलेलं. कोणीतरी कप भरून घेऊन गेलं होतं! हजारो मैलांवर, आत्ता, या क्षणी. मला तुझा आवाज ऐकू आला, “दुधावर लक्ष ठेव गं, उतू जाईल.” मी ओट्याशी उभी राहून साय वर येताना बघायचे ना, अगदी तसं बघत होते. आई, त्या मोठ्या शास्त्रज्ञांचं तेच चाललं होतं जे तू रोज सकाळी माझ्याकडून करून घ्यायचीस. २२ ऑगस्ट २००१ ला त्यांनी तो कॅमेरा बंद केला. ते शेवटचं यंत्र लिलावात ३,३५० पौंडांना गेलं, जर्मनीतल्या ‘डेर श्पीगेल’ साप्ताहिकवाल्यांनी घेतलं.

दुसरी गोष्ट सांगायला जड जातं. ‘टेलिगार्डन’ नावाची एक बाग होती. केन गोल्डबर्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ती केली आणि पुढच्या वर्षी ती ऑस्ट्रियात लिंझ गावी नेली. एक मोठा गोल वाफा, त्याच्या मधोमध यंत्राचा हात. जगात कुठूनही सभासद व्हायचं, पडद्यावर जागा निवडायची, की तो हात तिथे जाऊन कॅमेऱ्यातून माती दाखवणार, सांगितलं तर पाणी घालणार, बीसुद्धा पेरणार. मी सभासद झाले. एका कडेच्या रोपाला मी पाणी घालायचे. बटण दाबायचं, थांबायचं, मग नवं चित्र उतरायचं आणि त्यात माती आधीपेक्षा काळी दिसायची. ओली झालेली! हे बघून मला किती आनंद व्हायचा ते आजही नीट सांगता येत नाही. कॅफेतून बाहेर पडले की हात धुतले पाहिजेत असं वाटायचं.

त्याच दिवसांत एकदा एस.टी.डी. बूथवरून फोन केला तर तू म्हणालीस, पाय मुरगळलाय, आठ दिवस अंगणात उतरले नाही, प्राजक्त सुकत चाललाय. मी “हो का” म्हटलं आणि मीटरकडे बघत फोन ठेवला. रविवारी यायला हवं होतं. पुण्याहून वाई किती लांब आहे गं? मी त्या रविवारी लिंझच्या रोपाला पाणी घातलं. प्राजक्त जगला, बाबांनी जगवला. ती बाग २००४ पर्यंत चालू होती.

बाकी भटकंती पुष्कळ केली. ‘जिओसिटीज’वर लोकांना वेबवर स्वतःची पानं, म्हणजे घरंच, बांधायला फुकट जागा मिळायची, आणि खरंच वस्त्या होत्या तिथे, एकेका विषयाची आळी आणि आळीत घराला नंबर, आपल्या गणपती आळीत असतो तसा. कोणी आपल्या मांजराचे फोटो लावलेले, कोणी गावच्या आगगाड्यांचं वेळापत्रक, आणि निम्म्या घरांवर फावडं मारणाऱ्या पिवळ्या माणसाचं चित्र, ‘काम चालू आहे’. कोणालाही काही विकायचं नव्हतं. मला हे आवडलेलं, ये बघ, एवढंच. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ती अख्खी वस्ती बंद झाली. काही हौशी लोकांनी रात्रंदिवस बसून जमेल तेवढ्या घरांच्या नकला उतरवून ठेवल्या, त्यांचे उपकार.

आता बाबा, तुमचं.

दर वर्षी जूनमध्ये तुम्ही सहावीच्या वर्गात मोसंबी आणायचात आणि त्यावर पेनाने रेषा काढायचात. आडवी अक्षवृत्तं, उभी रेखावृत्तं. देठापाशी उभ्या रेषा जवळ येतात, ते बोट ठेवून दाखवायचात. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, “या रेषा कल्पित आहेत. जमिनीवर शोधायला जाऊ नका.” मी तुमच्याच वर्गात होते, पहिल्या बाकावर. मोसंबी नंतर मलाच मिळायची, शाईच्या डागांसकट.

१९९९ च्या पावसाळ्यात मला कॅफेत वेबवरचं एक ठिकाण सापडलं, आणि मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. अमेरिकेतल्या ॲलेक्स जॅरेट या माणसाने नुकतंच जीपीएस यंत्र घेतलं होतं. त्याच्या मनात आलं, पूर्ण अंशाचं अक्षवृत्त आणि पूर्ण अंशाचं रेखावृत्त जिथे एकमेकांना छेदतात तिथे नेमकं असतं तरी काय? फेब्रुवारी १९९६ मध्ये तो ४३ उत्तर, ७२ पश्चिम या बिंदूवर जाऊन आला आणि तिथले फोटो त्याने लावले. मग दुसरे लोक आपापल्या जवळच्या बिंदूंवर जायला लागले. सगळ्या पृथ्वीवर असे ६४,४४२ बिंदू आहेत, दोन ध्रुव धरून. (बाबा, ३६० गुणिले १७९, अधिक २. तुम्ही करून बघणारच, म्हणून लिहिलं.) समुद्रातले सोडले तरी हजारो उरतात. पृथ्वीवर कुठेही उभे राहा, ७९ किलोमीटरच्या आत एक तरी बिंदू असतोच. तिथे गेलं की चारी दिशांचे फोटो काढायचे, यंत्रावर सगळी शून्यं जुळलेली दाखवायची आणि कसे पोचलो ते लिहायचं. कोणाचा बिंदू गव्हाच्या शेतात, कोणाचा दलदलीत. शून्यं जुळवताना माणूस दोन पावलं डावीकडे, एक मागे, पुन्हा उजवीकडे असा फिरत राहतो. बघणाऱ्यांना त्याची किल्ली हरवलीय असं वाटत असेल.

तुमच्या कल्पित रेषांवर माणसं खरोखर जाऊन उभी राहत होती, बाबा.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत नकाशा काढला. आपलं वाई १८ च्या जरासं खाली आणि ७४ च्या अलीकडे. म्हणजे १८ उत्तर, ७४ पूर्व हा बिंदू खंबाटकी उतरून सुरूर फाट्याकडे येताना, त्या रस्त्याच्याच आसपास! प्रत्येक सुट्टीला एस.टी. मला तिथून घेऊन जात होती. घाट उतरला की मी पिशवी मांडीवर घ्यायचे, आता फाटा आला म्हणून, आणि डोक्यात दुसरं काही नसायचं.

हे तुम्हाला सांगायला त्याच रात्री गाडी पकडून यायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण बिंदू सांगितला तर कॅफे सांगावा लागणार आणि कॅफे सांगितला तर झेरॉक्स. तीनशे रुपयांच्या भीतीने मी ती गोष्ट तुमच्यापासून दडवली. त्यानंतर तुम्ही आणखी नऊ वर्षं शिकवलंत, नऊ जूनमध्ये नऊ मोसंबी कापलीत, आणि पुढच्या बाकावरच्या एकाही पोराला हे सांगता आलं नाही तुम्हाला. पैशांपेक्षा याची रुखरुख जास्त आहे.

कॉफीचं भांडं गेलं, बाग गेली, वस्ती गेली. बिंदूंचं मात्र अजून चालू आहे. मी गेल्या आठवड्यात उघडून बघितलं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी येतेय, दहा दिवस. एक सकाळ मोकळी ठेवा. हल्ली जीपीएस मोबाइलमध्येच असतं. बाबा, गुडघ्याची काळजी नको, गाडी जाईल तिथवर गाडी नेऊ, पुढे तुम्ही बसून दिशा सांगा, मी शून्यं जुळवते. कोणाच्या शेतात निघाला तर विचारूनच आत जाऊ. आई, चहाचा मोठा थर्मास आणि दशम्या घे. आणि ती वही रद्दीत टाकू नकोस. झेरॉक्सच्या जागी काय होतं ते मी आल्यावर माझ्या हाताने लिहीन.

बाबा, तोवर एक काम. तुमच्या कपाटात सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी शीट आहे, कापड लावलेली. ७४ ची रेषा घाटाच्या बोगद्याच्या पूर्वेकडून जाते की पश्चिमेकडून, ते भिंग लावून बघून ठेवा. मला इथे मोबाइलवर दिसतं, पण मी बघणार नाहीये. तुम्ही फोनवर सांगा.

तुमची,
मनू