मोल्सवर्थ एकच नव्हता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मोल्सवर्थवरचा लेख वाचला आणि काल दिवसभर चैन पडलं नाही. ‘रेल्वेत इंजिनिअर असताना फावल्या वेळात मराठी कोश रचला’ हे वाक्य छापण्याआधी कुणीतरी सालं बघायला हवी होती. मराठी-इंग्रजी कोश निघाला 1831 मध्ये. रेल्वेवाले गिलफर्ड मोल्सवर्थ जन्मले 1828 मध्ये. आपल्याकडे पहिली गाडी धावली तीच 1853 ला! कोशकार जेम्स टॉमस मोल्सवर्थ कंपनी सरकारच्या फौजेतले.

मला हे इतकं लागलं, कारण आमच्या घरात दोन्ही मोल्सवर्थ होते. वडील ओव्हरसियर. त्यांच्या कोटाच्या खिशात गिलफर्ड यांचं इंजिनिअरिंगच्या सूत्रांचं छोटं पुस्तक कायम असायचं. काका मराठीचे मास्तर; त्यांच्याकडे कोशाचं 1975 चं पुण्यातलं पुनर्मुद्रण. दोघंही आपापल्या पुस्तकाला नुसतं ‘मोल्सवर्थ’ म्हणायचे. काकांनी ‘मोल्सवर्थ आण गं’ म्हटलं की मी वडिलांचा खिसा चाचपायची. शेवटी वडिलांनी वहीच्या मागच्या पानावर दोघांची नावं आणि कामं लिहून दिली. ती वही मी जपून ठेवली आहे. आठ वर्षांच्या पोरीला जे एका पानात समजलं, ते तुमच्या लेखकाला पूर्ण पानभर लिहूनही समजू नये?

आडनाव विरळ म्हणून माणूस एकच, असं होत नाही. सर विल्यम मोल्सवर्थ यांनी तत्त्वज्ञ हॉब्जचे ग्रंथ संपादित केले, कैद्यांना ऑस्ट्रेलियात धाडण्याविरुद्ध ते पार्लमेंटात झगडले. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या मिसेस मोल्सवर्थ यांना तर हे आडनाव लग्नाने मिळालेलं.

आणि टॉमस कँडींचा उल्लेखही नाही! मोल्सवर्थांनी सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये पुरा झाला तो त्यांच्या हातून. कोशासाठी राबलेल्या शास्त्रीमंडळींचं तर नावच नको.

दुरुस्ती छापाल ही खात्री आहे. पण मागच्या खेपेसारखी आतल्या पानावर, निविदांच्या खाली, भिंग लावून वाचावी लागेल अशी नको. रविवारीच, त्याच पानावर, लेखाच्याच टायपात छापा.

कळावे,
आपली जुनी वाचक,
सातारा